धातूचे फिनिशिंग करणाऱ्या तंत्रज्ञाच्या डाव्या हाताला मुंग्या: यंत्राच्या कंपनाशी संबंध असू शकतो का?

प्रश्न: डेंटल लॅब चालक, कोपरखैरणे

नमस्कार. कोपरखैरण्यात माझी लहान डेंटल लॅब आहे. नवी मुंबई आणि ठाण्यातील दवाखान्यांची कामे आमच्याकडे येतात आणि त्यांत निकेल-क्रोम व कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूंचे क्राऊन (दातावरची टोपी), ब्रिज आणि कास्ट पार्शल (ओतीव धातूच्या फ्रेमची अर्धी कवळी) यांचा वाटा मोठा आहे. आम्ही एकूण सहा जण आहोत. मेणकाम, सिरॅमिक आणि अॅक्रिलिक ही कामे आपसांत वाटलेली आहेत. परंतु ओतकामानंतर धातूचे जे फिनिशिंग करावे लागते ते जवळजवळ सगळे एकच ज्येष्ठ सहकारी करतात, कारण त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. त्यांचे वय 47 आहे आणि या कामात त्यांची 22 वर्षे गेली आहेत.

गणपतीच्या सुमारास माझ्या लक्षात आले की ते काम करता करता मध्येच थांबून डावा हात झटकतात. विचारल्यावर कळले की डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना कित्येक महिन्यांपासून मुंग्या येत आहेत, रात्री त्यामुळे जाग येते आणि हात खाली सोडून हलवला की थोडे बरे वाटते. उजव्या हातालाही कधीकधी तसे होते, पण कमी. आमच्याकडे फिनिशिंगचा मोबदला नगावर दिला जातो, त्यामुळे तक्रार केली तर काम कमी होईल या भीतीने ते इतके दिवस बोलले नाहीत. याची खंत मला फार आहे, कारण ती पद्धत मीच ठरवलेली होती.

घराजवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची थोडी झीज असल्याचे सांगितले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मला मात्र यंत्रांची शंका येते. दिवसभरात ते हवेवर चालणाऱ्या छिन्नीने इन्व्हेस्टमेंट (ओतकामाचा साचा) फोडतात, मायक्रोमोटरवर (हातात धरायच्या लहान फिरत्या यंत्रावर) डिस्क लावून स्प्रू (ओतताना राहिलेली धातूची दांडी) कापतात, कार्बाइड बर (दातेरी फिरते टोक) आणि स्टोनने घासतात, सँडब्लास्टर वापरतात आणि शेवटी लेथवर बफ लावून चकाकी आणतात. यावर एका परिचिताने आक्षेप घेतला की ते उजव्या हाताने काम करतात, हँडपीस (मायक्रोमोटरचा हातात धरायचा भाग) उजव्या हातात असतो, मग कंपनाचा त्रास डाव्या हाताला कसा होईल? मला याचे उत्तर देता आले नाही.

डाव्या हाताचा त्रास यंत्रामुळे असू शकतो का, महागडे उपकरण न घेता कंपनाचा अंदाज कसा बांधावा आणि कंपनरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे घ्यावेत का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. त्यांची कमाई न बुडवता हे काम त्यांच्याकडून कमी कसे करावे, याबद्दलही कोणाचा अनुभव असेल तर तो मला हवा आहे.

उत्तर: दंतवैद्य, नौपाडा, ठाणे

आपली कळकळ समजते, परंतु कंपनावर एवढ्या लवकर बोट ठेवू नये असे मला वाटते. मी 17 वर्षे प्रॅक्टिस करते. एअर टर्बाइन (दात कोरण्याचे हवेवरचे यंत्र) आणि अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचा थर काढणारे यंत्र) रोज हातात असतात. सलग दोन-तीन रुग्णांचे स्केलिंग केल्यावर बोटांची टोके थोडी बोथट झाल्यासारखी वाटतात आणि काही मिनिटांत पूर्ववत होतात. यापलीकडे मला कधी त्रास झालेला नाही. युरोपात हाताला बसणाऱ्या कंपनासाठी दोन पातळ्या ठरवलेल्या आहेत: आठ तासांच्या सरासरीने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की उपाय सुरू करावेत आणि 5 च्या वर जाऊच नये. मायक्रोमोटरच्या माहितीपुस्तिका पाहिल्यात तर त्यांत कंपन 2.5 पेक्षा कमी असल्याचे लिहिलेले सापडेल. दगड फोडणाऱ्या किंवा साखळी-करवत चालवणाऱ्या कामगाराचा आजार आपण आपल्या व्यवसायावर लादू नये.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही जागा मनगटात दबणाऱ्या मीडियन नर्व्हची (तळहाताकडे जाणाऱ्या मुख्य नसेची) आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा बी-12 ची कमतरता असेल तर असाच त्रास होतो. आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि मानेकडेही दुर्लक्ष करू नये.

उत्तर: औद्योगिक आरोग्याचे काम करणारा डॉक्टर, ऐरोली

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमध्ये कामगारांच्या नियमित तपासण्या करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. डेंटल लॅब माझ्याकडे क्वचितच येतात, परंतु या प्रश्नातील डाव्या हाताची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उजव्या हातात हँडपीस आहे म्हणून कंपन उजव्याच हाताला बसते, हा समज चुकीचा आहे. आपले सहकारी क्राऊन किंवा पार्शलची फ्रेम कशात धरतात? डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत. फिरणारा बर धातूवर टेकला की धातूचा तो लहानसा तुकडा थरथरतो आणि ती थरथर मध्ये कोणताही आधार नसताना थेट बोटांच्या टोकांत उतरते. हँडपीसला निदान वजन असते, आवरण असते, पकडायला जाड मूठ असते. तीन-चार ग्रॅमच्या क्राऊनला यांपैकी काहीच नसते. लेथवर तर दोन्ही हात वस्तूवरच असतात. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी 1918 साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडावर हवेच्या हातोड्याने काम करणारे कारागीर तपासले, तेव्हाही छिन्नी धरणारा डावा हातच अधिक बाधित झालेला दिसला होता. त्या कारागिरांच्या यंत्राशी आपल्या मायक्रोमोटरची तुलना करण्याचा माझा हेतू नाही; कंपन हातात कोणत्या वाटेने शिरते एवढेच मला दाखवायचे आहे.

आता माहितीपुस्तिकेतील आकड्याविषयी. नौपाड्याच्या मॅडमनी सांगितलेल्या पातळ्या अचूक आहेत. त्या युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशातील आहेत आणि ब्रिटनने 2005 च्या नियमांत त्याच घेतल्या. परंतु पुस्तिकेतील आकडा नव्या यंत्राचा, सरळ आणि धारदार बर लावलेला, आणि यंत्राच्या मुठीवर मोजलेला असतो. धरलेल्या वस्तूवर काय होते ते त्यात येत नाही. शिवाय ही मोजणी भारित असते. हाताच्या कंपनासाठीच्या आयएसओ 5349 या आंतरराष्ट्रीय मानकात सुमारे 16 हर्ट्झच्या (सेकंदाला 16 आवर्तनांच्या) वरची कंपने वारंवारता वाढेल तशी कमी कमी धरली जातात. मिनिटाला 30,000 फेरे म्हणजे सेकंदाला 500. या वारंवारतेचे कंपन हिशेबात जेमतेम तिसाव्या भागाइतके उतरते. टर्बाइन मिनिटाला साडेतीन लाख फेरे घेत असेल तर तिची मुख्य वारंवारता 5,800 हर्ट्झच्या आसपास जाते आणि स्केलरची 25 ते 30 हजारांवर. ही मोजणी जेमतेम साडेबाराशे हर्ट्झपर्यंत पोहोचते, त्यामुळे या दोन साधनांबद्दल ती फारसे बोलतच नाही. जास्त वारंवारतेचे कंपन कोपर-खांद्यापर्यंत न जाता बोटांच्या त्वचेत आणि मांसातच जिरते, आणि स्पर्श ओळखणारी आपली काही चेताग्रे 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात. म्हणून आकडा लहान आला तरी बोटांना काही होत नाही असे मी म्हणणार नाही. भारित मोजणीतून रक्तवाहिन्यांच्या बदलांचा अंदाज कमी येतो, ही अडचण तज्ज्ञांनाही मान्य आहे आणि त्यासाठी 2017 साली आयएसओने पूरक पद्धत सुचवलेली आहे.

मॅडमनी सांगितलेला बोथटपणा मी हलक्याने घेत नाही. कंपनानंतर स्पर्श काही काळ मंदावतो आणि परत येतो, हे माहीत असलेले लक्षण आहे. पूर्ववत व्हायला लागणारा वेळ वाढू लागला, काही मिनिटांऐवजी संध्याकाळपर्यंत बोटे जड राहू लागली, तर कृपया ते नोंदवून ठेवावे. दंतवैद्याची सारी कुशलता एक्सप्लोररच्या (दात चाचपण्याच्या टोकदार साधनाच्या) टोकाला दाताचा खडबडीतपणा कळण्यावर उभी आहे आणि ती संवेदना गेली तर चष्म्यासारखे तिला काही लावता येत नाही.

अंदाज बांधण्याची साधी रीत अशी. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने गुणांची पद्धत दिलेली आहे: कंपनाच्या आकड्याचा वर्ग करावा, त्याला प्रत्यक्ष वापराच्या तासांनी गुणावे आणि आलेली संख्या दुप्पट करावी. 100 गुण म्हणजे 2.5 ची पातळी आणि 400 म्हणजे 5 ची. समजा झिजलेल्या मायक्रोमोटरचे कंपन 4 आहे आणि तो दिवसात दोन तास चालतो. त्याचे 64 गुण झाले. हवेच्या छिन्नीचे 8 आहे आणि ती पाव तासच चालते, तिचे 32. मिळून 96. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या यंत्रांचे ते नव्हेत, पण पाव तासाच्या छिन्नीने एकूण गुणांच्या तृतीयांश गुण घेतले हे लक्षात घ्यावे. कंपन निम्मे झाले तर गुण चौथ्या हिश्शावर येतात, वेळ निम्मा केला तर गुण फक्त निम्मेच होतात. म्हणून सुरुवात यंत्रापासून करावी, घड्याळाकडे त्यानंतर वळावे. प्रत्यक्ष मोजणी हवी असल्यास शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक स्वच्छतेचा विभाग आहे, तेथे लेखी विचारणा करून पाहावी. मात्र मोजणाऱ्याला वस्तू धरणाऱ्या डाव्या हातावरही मोजणी करायला आवर्जून सांगावे, नाहीतर तो हँडपीसवर संवेदक बसवून निघून जाईल.

निदानाविषयी मी एवढेच म्हणेन की रात्रीच्या मुंग्या, हात झटकल्यावर मिळणारा आराम आणि करंगळीला त्रास नसणे ही लक्षणे मनगटातील मीडियन नर्व्ह दबल्याची, म्हणजे कार्पल टनेलची आहेत. करंगळीचा उल्लेख आपण केलेला नाही, त्याविषयी त्यांना विचारावे. कंपनाशी संबंधित विकारात बोटांच्या चेतातंतूंचा ऱ्हास, थंडीत बोटे पांढरी पडणे आणि कार्पल टनेल हे तिन्ही वेगवेगळे किंवा एकत्र दिसतात. 1986 सालच्या स्टॉकहोम येथील कार्यशाळेतून जी श्रेणी पुढे आली तीत चेतातंतू आणि रक्तवाहिन्या वेगळ्या, तसेच उजवा हात व डावा हात वेगळे मोजले जातात, ते याचसाठी. आपल्या दमट, उबदार हवेत बोटे पांढरी पडल्याचे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे "बोटे कधी पांढरी पडली का?" असे नुसते विचारून भागत नाही; डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाईक चालवताना, एसीचा झोत हातावर येताना किंवा बर्फाचे पाणी हाताळताना काय होते, ते विचारावे लागते. ते कामावर कसे येतात? बाईकने येत असतील तर हँडलचे कंपन आणि गार वारा हे दोन्ही त्यांच्या हिशेबात धरायला हवेत. तंबाखू आणि सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेही विचारावे.

मानेची झीज 47 व्या वर्षी अनेकांच्या एक्स-रेत दिसते. ती दिसली म्हणजे कारण सापडले असे होत नाही. दोन्ही हातांची नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची) तपासणी करून घ्यावी. ते राज्य कामगार विमा योजनेत असतील तर वाशी किंवा ठाण्यात वागळे इस्टेट येथील कामगार रुग्णालयातून सुरुवात करता येईल. नसतील तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात विचारावे. कागदावर व्यवसाय, वर्षे आणि वापरलेली यंत्रे स्पष्ट लिहून न्यावीत. "डेंटल लॅबमध्ये काम" एवढे लिहिले तर वाचणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मेणकाम येते, छिन्नी येत नाही.

उत्तर: हँडपीस व मायक्रोमोटर दुरुस्ती करणारा, ठाणे पश्चिम

डॉक्टरसाहेबांनी यंत्रापासून सुरुवात करावी असे लिहिले आहे, त्यात माझ्या कामातली माहिती जोडतो. माझ्याकडे येणाऱ्या लॅबच्या हँडपीसपैकी बहुतेकांत दोष एकाच जागी सापडतो: चकमध्ये (बर पकडणाऱ्या भागात) धातूची आणि स्टोनची धूळ बसलेली असते आणि पुढचे बेअरिंग गेलेले असते. चक नीट न आवळल्याने बर मध्यरेषेवर फिरत नाही आणि हातात थरथर येते. लॅबच्या बरचा दांडा 2.35 मिलिमीटरचा असतो. तो पूर्ण आत बसवला पाहिजे. बारीक कोपऱ्यात पोहोचण्यासाठी अनेकजण बर अर्धा बाहेर ठेवतात, आणि बाहेर राहिलेली लांबी जेवढी जास्त तेवढी टोकाची फेक वाढते.

एक सोपी तपासणी रोज सकाळी करता येईल. बर लावून हँडपीस कमी वेगावर, नंतर हळूहळू वाढवत चालवावा आणि टोकाकडे पाहावे. टोक एका बिंदूसारखे स्थिर दिसले तर ठीक. टोकाभोवती धूसर वर्तुळ दिसले तर बर काढून काचेवर लोळवून पाहावा. लोळताना दांडा उडाला तर बर वाकलेला आहे आणि तो त्याच क्षणी टाकून द्यावा. दांडा सरळ असूनही वर्तुळ दिसत असेल तर चक किंवा बेअरिंगचा दोष आहे. यंत्र जमिनीवर पडले असेल तर ते चालते आहे म्हणून पुन्हा वापरात घेऊ नये. चक उघडा असताना मोटर सुरू करण्याची चूकही फार होते आणि त्याने कोलेट (चकमधील बर आवळणारी नळी) खराब होतो. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: दवाखान्यातल्या टर्बाइनला ऑटोक्लेव्हपूर्वी (वाफेने निर्जंतुक करण्यापूर्वी) तेल लागते म्हणून लॅबच्या मायक्रोमोटरलाही तेल मारणारे लोक आहेत. त्यातली बहुतेक बेअरिंगे ग्रीस भरून बंद केलेली असतात. तेलाने ग्रीस धुऊन निघते आणि धूळ चिकटते. पुस्तिकेत सांगितले नसेल तर तेल घालू नये.

वेगाबद्दलही सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रत्येक बर आणि डिस्कच्या पाकिटावर कमाल वेग छापलेला असतो आणि व्यास जितका मोठा तितका तो कमी असतो. 35,000 चे यंत्र घेतले म्हणून मोठा स्टोन त्या वेगाने फिरवला तर तो थरथरतो आणि फुटूही शकतो. बोथट बरवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की पकड घट्ट होते आणि घट्ट पकडीत कंपन अधिक चांगले उतरते. म्हणून कार्बाइड बर वेळेवर बदलणे हा खर्च वाटत असला तरी माझ्या मते तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. दवाखान्यातील स्केलरलाही हे लागू आहे: टीप साधारण 1 मिलिमीटर झिजली की तिचे काम जवळजवळ चौथाई कमी होते, 2 मिलिमीटर झिजल्यावर निम्मे, आणि ती उणीव दंतवैद्य हाताच्या जोराने भरून काढतात.

लेथच्या बफचेही सांगतो. बफ एका बाजूने जड झाला, प्युमिस (चकाकी आणणारी पूड) एका बाजूला वाळून बसला किंवा स्पिंडलचे टोक झिजले की लेथ डगमगू लागतो. त्याचा वेग मिनिटाला 3,000 च्या आसपास, म्हणजे सेकंदाला 50 फेरे. डॉक्टरसाहेबांचा हिशेब मला बरोबर समजला असेल तर तेवढाच हादरा येथे मायक्रोमोटरपेक्षा दसपट मोजला जाईल. लेथ लाकडी टेबलावर नुसता ठेवलेला असतो. तो जड पायावर बोल्टने आवळावा आणि बफ धुऊन, वाळवून, गोलाई ठीक करून वापरावा.

उत्तर: निवृत्त डेंटल मेकॅनिक, कळवा

ताई, आपल्या सहकाऱ्यांची हकिकत वाचून मला माझीच आठवण झाली. माझाही डावा हात होता. मी 54 व्या वर्षी डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा डॉक्टरांनी मला अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग दाखवला. तो खोलगट झालेला होता. शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या पूर्ण गेल्या, झोप परत आली, पण तो मांसल भाग पूर्वीसारखा भरून आला नाही आणि शर्टाचे बटण लावताना आजही मला बोटांकडे पाहावे लागते. मी चार वर्षे उशीर केला. त्यांनी तो करू नये म्हणून लिहितो आहे.

पकडीविषयी माझा अनुभव सांगतो. आम्हाला शिकवताना वस्तू घट्ट धरा असे सांगितले जाई, कारण सैल धरलेला क्राऊन उडून जातो. परंतु घट्ट धरण्याचे काम बोटांनीच करावे असे थोडेच आहे? सोनाराच्या बाकाला जशी लाकडी खुंटी असते तशी बेंच पिन आपल्या टेबलाला बसवावी आणि वस्तू तिच्यावर टेकवून घासावी. मग बोटांना ती केवळ सांभाळावी लागते, दाबावी लागत नाही. सुट्या क्राऊनसाठी मी ॲक्रिलिकचा जाड दांडा करून त्यावर क्राऊन मेणाने बसवत असे आणि दांडा मुठीत धरत असे. आतली कड तपासायला तो काढावा लागतो, वेळ थोडा जातो, पण चिमटीचा ताण जातो. हाताच्या साधनांची मूठही जाड आणि हलकी घ्यावी. दंतवैद्यांच्या स्केलिंगच्या साधनांवर अभ्यास झाला तेव्हा सुमारे 10 मिलिमीटर जाडीच्या आणि 15 ग्रॅम किंवा त्याहून हलक्या साधनांना चिमटीचा जोर सर्वांत कमी लागल्याचे आढळले होते. लॅबमधील चाकू आणि कार्व्हर बहुधा याच्या निम्म्या जाडीचे असतात.

हातमोज्यांबद्दल माझे ठाम मत आहे. लेथवर आणि मायक्रोमोटरवर कापडी किंवा सैल हातमोजे घालूच नयेत. बफमध्ये मोज्याचे टोक अडकले तर बोट आत ओढले जाते; मी हे डोळ्यांसमोर पाहिलेले आहे.

हवेच्या छिन्नीचे काम आम्ही शेवटच्या वर्षांत जवळजवळ बंद केले होते. रिंग पूर्ण थंड झाल्यावर इन्व्हेस्टमेंट ओली करायची, प्लास्टर निपरने मोठे तुकडे पाडायचे आणि उरलेले सँडब्लास्टरच्या पेटीत साफ करायचे. ओले केल्याने धूळही उडत नाही, आणि त्या धुळीत सिलिका असते हे आपण जाणताच.

मूळ प्रश्नकर्ती, कोपरखैरणे (सुमारे दोन महिन्यांनी)

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे केले ते येथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

प्रथम मी आठवडाभर त्यांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसले. त्यांच्या आणि माझ्या अंदाजाने मायक्रोमोटर दिवसाला पाच तास चालत होता. प्रत्यक्षात बर धातूला लागलेला असण्याचा वेळ 2 तास 40 मिनिटे निघाला. छिन्नी मात्र पाच-दहा मिनिटांची वाटत होती ती कास्ट पार्शलच्या दिवशी 35 मिनिटांपर्यंत गेली. आमचा एक हँडपीस सकाळच्या तपासणीत स्पष्ट धूसर वर्तुळ दाखवत होता. तो त्यांचा आवडता होता, कारण वजनाला हलका. दुरुस्तीत त्याचे बेअरिंग गेलेले आणि कोलेट झिजलेला निघाला. 11 बर काचेवर लोळवून वाकलेले ठरले आणि मी ते त्यांच्या देखत टाकून दिले.

छिन्नी बंद केली. बेंच पिन बसवल्या, आणि पहिले चार दिवस सगळ्यांनी तक्रार केली, आता कोणी करत नाही. लेथ बोल्टने आवळला. धातूचे फिनिशिंग तीन जणांत वाटले आणि त्या तिघांपैकी दोघांना शिकवण्याचे काम आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे दिले. मागील सहा महिन्यांच्या कमाईची सरासरी काढून तेवढा ठरावीक पगार त्यांना सुरू केला आणि नगावर मोबदला देण्याची पद्धत फिनिशिंगपुरती सर्वांसाठी बंद केली. यामुळे महिन्याचा खर्च वाढला आहे आणि दोन दवाखान्यांना कामाची तारीख एक दिवस पुढची देते. एका डॉक्टरांनी नाराजी दाखवली, पण कारण सांगितल्यावर ते थांबायला तयार झाले.

ते खरोखरच डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे बाईकने येत होते, रोज जाऊन-येऊन जवळजवळ दीड तास. आता बहुतेक दिवस लोकलने ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरने येतात. करंगळीला त्रास नाही असे ते म्हणाले. तपासणीत दोन्ही मनगटांत मीडियन नर्व्ह मंदावलेली आढळली, डाव्या बाजूला मध्यम आणि उजव्या बाजूला सौम्य. त्याचबरोबर रक्तातील साखरही वाढलेली निघाली, ती त्यांना माहीत नव्हती. म्हणजे नौपाड्याच्या मॅडम म्हणाल्या तेही खरे ठरले. रात्री मनगटाला स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारी पट्टी) लावतात आणि मुंग्या कमी झाल्या आहेत, परंतु मार्जिनवर (क्राऊनच्या कडेवर) प्रोब (चाचपणीची सळई) फिरवताना अजून पूर्वीसारखे कळत नाही असे ते सांगतात.

माझा प्रश्न आता एवढाच आहे: मधुमेह निघाला असताना हा त्रास यंत्राचा होता की साखरेचा, हे ठरवणे शक्य आहे का? आणि पुन्हा तपासणी कधी करावी?

उत्तर: दंतवैद्य, नौपाडा, ठाणे

घड्याळ घेऊन बसण्याची आपली कल्पना मी माझ्या दवाखान्यात वापरून पाहिली. स्केलर माझ्या हातात दिवसाला सरासरी 70 मिनिटे असतो आणि टर्बाइन त्याहून कमी. वेळ फार नाही, पण माझ्या तीन स्केलर टिपांपैकी दोन 2 मिलिमीटरपेक्षा अधिक झिजलेल्या होत्या आणि मी त्यांवर जोर देऊन काम करत होते, हे मला कबूल केले पाहिजे. लॅबमध्ये वस्तू धरणाऱ्या हाताचा विचार मी केला नव्हता. माझे पहिले उत्तर त्या बाबतीत अपुरे होते. आपल्या सहकाऱ्यांच्या साखरेचे उपचार नीट चालू आहेत ना, याकडे मात्र लक्ष ठेवावे, कारण साखर आटोक्यात नसेल तर मनगटावर केलेले उपायही पुरेसे लाभत नाहीत.

उत्तर: औद्योगिक आरोग्याचे काम करणारा डॉक्टर, ऐरोली

आपण केलेले बदल वाचून समाधान वाटले, विशेषतः मोबदल्याच्या पद्धतीतील बदल. नगावर पैसे असताना कोणताही कामगार मुंग्यांसाठी थांबत नाही.

एका माणसाच्या बाबतीत यंत्राचा वाटा किती आणि साखरेचा किती, हे टक्क्यांत सांगता येत नाही. मधुमेहाने आधीच नाजूक झालेली नर्व्ह दाब आणि कंपन कमी सोसते, एवढे निश्चित म्हणता येते. साखरेचा परिणाम सहसा पायांपासून आणि दोन्ही बाजूंना सारखा सुरू होतो. त्यांच्या बाबतीत वस्तू धरणारा हात अधिक बाधित आहे, हे कामाकडे बोट दाखवते. परंतु यावरून उपाय बदलत नाहीत. साखर आटोक्यात आणायची आहे आणि हातावरचा भारही कमीच ठेवायचा आहे, आणि अहवालात दोन्ही कारणे लिहिली गेली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कंपनामुळे होणारे स्नायू, सांधे, रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंचे विकार समाविष्ट आहेत, हे अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस आणून देण्यास संकोच करू नये.

आता पुढची तपासणी. मुंग्या कमी होत आहेत आणि अंगठ्याचा जोर शाबूत आहे तोवर स्प्लिंट चालू ठेवून तीन ते सहा महिन्यांनी नर्व्ह कंडक्शन पुन्हा करावे. मुंग्या दिवसभर सतत राहू लागल्या, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सपाट दिसू लागला तर तीन महिन्यांची वाट न पाहता हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. कळव्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिलेला उशीर नेमका याच टप्प्यावर होतो. नव्याने फिनिशिंग शिकणाऱ्या दोघांचीही आत्ताच, त्रास नसताना, एक साधी नोंद करून ठेवावी: कोणत्या बोटाला काय वाटते, थंडीत काय होते, चिमटीचा जोर किती आहे. पाच वर्षांनी तुलना करायला तीच उपयोगी पडते.

पुन्हा तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर करावी आणि ती करण्यापूर्वी हात गरम आहेत याची खात्री करून घ्यावी. त्वचेचे तापमान सुमारे 32 अंश नसेल तर निरोगी नर्व्हसुद्धा मंद दिसते. लोकलच्या एसी डब्यातून उतरून थेट एसी खोलीत तपासणीला बसवले, तर आलेला आकडा त्यांच्या हाताचा नसून त्या खोलीचा असेल.